सुई उलटली म्हणजे काय झाले?

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या शाळेतले तीन वर्ग लसीकरणासाठी दिले होते. पहिल्या वर्गात नाव नोंदवायचे, दुसऱ्यात लस घ्यायची आणि तिसऱ्यात नुसते बसायचे. माझी ड्यूटी या तिसऱ्या वर्गात लागली होती. येणाऱ्याची वेळ वहीत लिहायची, त्याला अर्धा तास बाकावर बसवायचे आणि वेळ झाली की सोडायचे. काम वाटते तेवढे सोपे नव्हते, कारण कुणालाच बसायचे नव्हते. रमजान चालू होता. लस घेतल्याने रोजा तुटतो का, या प्रश्नाचे उत्तर मी दिवसातून वीस वेळा देत होतो. त्यात एक वयस्कर चाचा माझ्यावर चिडले. म्हणाले, "सुई तो हो गई मास्तर, आता कशाला कोंडून ठेवता?"

मी म्हणालो, "वरून आदेश आहे." शिक्षकाकडे हे उत्तर कायम तयार असते.

दुसऱ्या वर्गातल्या सिस्टरने ते ऐकले. गर्दी कमी झाल्यावर तिने मला बोलावले आणि टेबलावरचा एक छोटा डबा उघडून दाखवला. त्यात काचेच्या तीन-चार बारीक कुप्या होत्या, सिरिंज होत्या, कापूस होता आणि कोणत्या वयाला किती औषध द्यायचे याचा एक कागद होता. "सर, हे ॲड्रिनलिन. अर्ध्या तासात कुणाला रिॲक्शन आली तर हे मांडीत द्यायचं. एवढ्यासाठी बसवतो त्यांना." मग हसून म्हणाली, "अजून एकदाही उघडावा लागला नाही."

त्या संध्याकाळी इफ्तारनंतर मला खूप वर्षांनी मामू आठवले.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मामू टेलर होते, आमच्या ईदच्या कपड्यांना त्यांचाच हात लागलेला असायचा. घरात लग्न होते आणि त्यांचा घसा धरला होता, ताप होता. म्हणून ते तालुक्याच्या गावी दवाखान्यात गेले, सोबत अब्बा होते. पेनिसिलीनची सुई मिळाली. ती पहिली नव्हती, काही महिन्यांपूर्वीही घेतली होती आणि काहीच त्रास झाला नव्हता. या वेळी ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता तळहात खाजवू लागले. अब्बा सांगायचे, आधी तळहात, मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग ते म्हणाले, "गला भर आया, कुछ तो भी हो रहा." अब्बांनी त्यांना परत आत नेले. तिथे सांगण्यात आले की माणूस सुईला घाबरला आहे, चक्कर आली आहे. त्यांना खुर्चीवर ताठ बसवले, पाणी पाजले, पंखा लावला. पंधरा-वीस मिनिटांत सगळे संपले.

नानी पुढे कितीतरी वर्षे एकच वाक्य म्हणायची, "सुई उलट गई मेरे बच्चे को." आम्ही मुले ते ऐकत वाढलो. सुई उलटते म्हणजे नेमके काय होते, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. नसीब होते, सुई उलटली, गोष्ट संपली.

ती गोष्ट मी चाळिशी उलटल्यावर वाचायला घेतली. मी डॉक्टर नाही, भाषा शिकवणारा माणूस आहे, त्यामुळे माझा शोध आधी शब्दांकडे गेला. आणि पहिलाच शब्द वाचून मी पुस्तक खाली ठेवले. या जिवावर बेतणाऱ्या रिॲक्शनला वैद्यकात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ग्रीक भाषेत फिलॅक्सिस म्हणजे संरक्षण. त्याच्या आधी 'ॲना' लावला की अर्थ होतो उलटे झालेले संरक्षण. पॅरिसच्या एका प्राध्यापकाने हा शब्द १९०२ साली घडवला. शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या नानीने ग्रीक न येता तोच शब्द घडवला होता.

या प्राध्यापकाकडे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण असे काही लिहिले की आपल्या लोकांतून कुणीतरी हमखास म्हणतो, हे तर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. लिहून ठेवले होते ते असे. रय शहराचे हकीम अबू बक्र अल-राझी, जे साधारण ९२५ च्या सुमारास वारले, त्यांनी एक छोटा रिसाला लिहिला आहे. विषय असा की अबू झैद बल्खी या विद्वानाला वसंतात गुलाबाचा वास आला की सर्दी का होते. दरवर्षी त्याच मोसमात, त्याच कारणाने, त्याच माणसाला होणारा त्रास राझींनी नीट पाहिला आणि त्यावर स्वतंत्र लिहावे एवढा तो महत्त्वाचा मानला. हे मोठेच काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण ती सर्दी होती. तिने जीव जात नव्हता, आणि ती का होते याचे उत्तर राझींनी त्यांच्या काळच्या शरीरकल्पनांतूनच दिले. मामूंना जे झाले त्याचा उलगडा त्या रिसाल्यात नाही. पूर्वजांना जे ठाऊक नव्हते ते त्यांच्या नावावर चढवले की त्यांना जे खरोखर दिसले होते त्याचीही किंमत कमी होते, असे माझे मत आहे.

आता जहाजावर जाऊ. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर आपल्या 'प्रिन्सेस ॲलिस' या जहाजातून अटलांटिक महासागरात निघाला. या राजाला राज्यकारभारापेक्षा समुद्राचे वेड जास्त होते. जहाजावर प्रयोगशाळा होती आणि सोबत दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए. कोमट पाण्यात फायसेलिया नावाचा एक निळसर, फुग्यासारखा जीव तरंगतो. त्याचे लांब तंतू अंगाला लागले की खलाशी वेदनेने तळमळतात. राजाने सुचवले की या तंतूंत कोणते विष आहे ते पाहा. जहाजावर बदके, कबुतरे, ससे यांच्यावर ते विष वापरून पाहिले गेले.

पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना. म्हणून रिशे आणि पोर्तिए यांनी समुद्रफुलांचे, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या ॲक्टिनिया या जीवांचे विष घेतले. विचार साधा होता आणि त्या काळाला धरून होता. पाश्चर जाऊन सहा-सात वर्षेच झाली होती. थोडे थोडे विष देत गेले की शरीर त्याला सरावते, त्याच्यापासून संरक्षण मिळते, हीच त्या पिढीची श्रद्धा होती. लस म्हणजे तरी दुसरे काय? तेव्हा कुत्र्याला आधी बेताचे विष द्यायचे, काही दिवस थांबायचे आणि मग पाहायचे की दुसऱ्या वेळी तो किती सहन करतो.

नेपच्यून नावाचा एक दांडगा, निरोगी कुत्रा होता. पहिल्या मात्रेने त्याला काही झाले नाही. बावीस दिवस गेले. कुत्रा ठणठणीत होता, म्हणून तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत तो धापा टाकू लागला, पाय ओढत चालू लागला, कुशीवर पडला, त्याला जुलाब आणि रक्ताची उलटी झाली आणि पंचविसाव्या मिनिटाला तो मेला.

रिशेंना आधी वाटले की आपलेच काहीतरी चुकले. पण दुसऱ्या कुत्र्यांतही तेच घडले. विष साठत गेले म्हणून मेले, असेही म्हणता येत नव्हते, कारण दुसरी मात्रा पहिलीपेक्षा मोठी नव्हती, आणि पहिलीने तर काहीच झाले नव्हते. पहिल्या मात्रेने शरीराला सरावण्याऐवजी बिथरवून ठेवले होते. शरीराने ते विष लक्षात ठेवले होते आणि पुन्हा दिसताच शत्रूवर तुटून पडताना स्वतःचेच घर पेटवून दिले होते. फेब्रुवारी १९०२ मध्ये दोघांनी हे पॅरिसच्या जीवशास्त्र सभेपुढे मांडले. १९१३ साली रिशेंना नोबेल मिळाले, पोर्तिएंना नाही. रिशे हे गृहस्थ विचित्रच होते. एवढ्या कठोर प्रयोगांचा माणूस मृतात्म्यांच्या बैठकांना जाऊन बसायचा, आणि माणसांच्या वंशसुधारणेबद्दल त्याची मते आज वाचवत नाहीत. नोबेल मिळाले म्हणजे माणूस सगळ्याच गोष्टींत शहाणा असतो असे नाही, एवढेच.

मामूंची पहिली सुई आणि दुसरी सुई. मला हे वाचताना नेपच्यूनचे बावीस दिवस सारखे डोळ्यांपुढे येत होते. "आधी घेतली होती, तेव्हा काही झाले नव्हते," हे वाक्य आमच्या घरात आश्चर्य म्हणून सांगितले जायचे. खरे तर आधी घेतली होती म्हणूनच झाले. आजही कितीतरी लोक डॉक्टरला ठामपणे सांगतात, "मला हे औषध चालतं, मागे घेतलंय." मागे चालले होते एवढेच त्यातून कळते.

माणसांत हे आधीच घडत होते, फक्त त्याला नाव नव्हते. १८९० नंतर घटसर्पावर घोड्याच्या रक्तातून काढलेले सीरम आले. घोड्याला विष टोचायचे, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून मुलांना द्यायचा. या सीरमने असंख्य मुले वाचली. पण १८९६ मध्ये बर्लिनमध्ये एका नामवंत डॉक्टरच्या पावणेदोन वर्षांच्या निरोगी मुलाला, घरातल्या मोलकरणीला घटसर्प झाला म्हणून, केवळ खबरदारीसाठी ते सीरम दिले आणि मूल काही मिनिटांत गेले. कारणावरून तेव्हा मोठा वाद झाला. व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन तरुण डॉक्टर सीरम दिलेल्या मुलांकडे बारकाईने पाहत होते. कुणाच्या अंगावर गांधी उठतात, कुणाला ताप येतो, कुणाचे सांधे धरतात, आणि दुसऱ्यांदा सीरम दिले की हे सगळे लवकर आणि जोरात येते. १९०६ साली पिर्केने यासाठी 'ॲलर्जी' हा शब्द सुचवला. अर्थ अगदी साधा, बदललेला प्रतिसाद. आज बायकोच्या माहेरच्यांपासून गणिताच्या तासापर्यंत कशाचीही ॲलर्जी असते, तो शब्द तिथून आला.

घोड्याच्या सीरमची ही गोष्ट आपल्यासाठी जुनी झालेली नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर मुंबईच्या परळला हाफकिनमध्ये जी प्रतिसर्पविष लस तयार होत आली, ती याच मार्गाने, घोड्याच्या रक्तातून. साप चावलेल्या माणसाला ती दिल्याशिवाय गत्यंतर नसते आणि तीच काही जणांवर उलटू शकते. म्हणून समजदार डॉक्टर ती सुरू करण्याआधी ॲड्रिनलिन हाताशी भरून ठेवतो.

हे ॲड्रिनलिन कुठून आले? या भागात मला सगळ्यात जास्त रस वाटला. रिशे जहाजावर निघाले त्याच्या अगदी आदल्या वर्षी, १९०० च्या उन्हाळ्यात, न्यू यॉर्कमध्ये जोकिची ताकामिने नावाचे जपानी रसायनतज्ज्ञ कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींवर काम करत होते. मूत्रपिंडाच्या, आपल्या भाषेत गुर्द्याच्या, डोक्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. तिच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो हे इंग्लंडमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी काही वर्षांपूर्वी दाखवले होते. त्यातला शुद्ध पदार्थ मात्र कुणाच्या हाती लागत नव्हता. ताकामिनेंकडे केइझो उएनाका हा तरुण सहकारी आला आणि त्या उन्हाळ्यात त्याने तो स्फटिकरूपात वेगळा केला. पेटंट आणि कीर्ती ताकामिनेंना मिळाली, उएनाकाचे नाव मागे पडले. पोर्तिएसारखेच. ॲड्रिनलिन हा शब्द लॅटिनवरून आणि अमेरिकन डॉक्टर वापरतात तो एपिनेफ्रिन ग्रीकवरून, पण दोन्हींचा अर्थ एकच आहे, गुर्द्याच्या वरचे. उर्दू-मराठी शिकवणाऱ्याला ही जोडी ओळखीची वाटते. वस्तू एक, नावे दोन आणि भांडण नावावरून.

म्हणजे पाहा, अटलांटिकच्या एका काठावर उतारा सापडला आणि वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या काठावर रोगाला नाव मिळाले. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. दोघांची गाठ पडायला मधे काही वर्षे गेली. पण एकदा पडल्यावर आजतागायत त्या औषधाला पर्याय आलेला नाही. ते आकसलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करते, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, घशाची सूज उतरवते आणि हृदयाला हात देते. ही चारही कामे करणारे दुसरे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, त्यात ते होते.

मधला शास्त्राचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९२१ मध्ये प्राउस्निट्स आणि क्युस्टनर या दोघांनी एक अजब प्रयोग केला. क्युस्टनरला शिजवलेली मासळी चालत नसे. त्याच्या रक्तातले सीरम प्राउस्निट्सने आपल्याच पोटाच्या कातडीत टोचून घेतले, दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला आणि तिथे गांधी उठली. म्हणजे ही बिथरण्याची आठवण रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होती. ती आठवण म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ च्या सुमारास तो अमेरिकेत शोधला आणि त्याच वेळी स्वीडनमध्येही तो दुसऱ्या वाटेने सापडला. त्याला आयजीई म्हणतात. तो कातडीत, घशात, फुप्फुसांत बसलेल्या विशिष्ट पेशींना चिकटून असतो. ओळखीचा पदार्थ आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होतात आणि हिस्टामिनसारखी रसायने एकदम अंगभर सुटतात. म्हणून हा आजार एकाच वेळी कातडीवर, श्वासात, पोटात आणि रक्तदाबात दिसतो.

इथे मला पुन्हा भाषेकडे यावेसे वाटते, कारण माझ्या मते आपल्याकडची गडबड इथे होते. उर्दूत ॲलर्जीला हस्सासियत म्हणतात, पण तोच शब्द हळव्या मनाच्या माणसालाही लावतात. मराठीत वावडे म्हणतात, पण वांग्याचे वावडे म्हणजे नावड की त्रास हे बोलणाऱ्यालाच ठाऊक. मुलगा म्हणाला, "मला शेंगदाण्याचं वावडं आहे," तर आपण मास्तर लोक म्हणतो, नखरे करू नकोस, खा. आणि अंगावर गांधी उठल्या तर आपण सगळेच, हिंदू असो की मुसलमान, एकच निदान करतो: पित्त उठले. मग आमसुले भिजत घालून ते पाणी अंगाला चोळायचे. नुसत्या गांधी असतील तर कदाचित त्याने बिघडत नाही. पण 'पित्त' हे नाव एकदा दिले की घरातले सगळे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी आवाज बसत चालला आहे, ओठ सुजत आहेत, माणूस घाबराघुबरा झाला आहे, याकडे कुणाचे लक्ष राहत नाही. चुकीचे नाव मिळणे हे नाव नसण्यापेक्षा वाईट.

तेव्हा ओळखायचे कसे? काही खाल्ल्यावर, म्हणजे शेंगदाणे, काजू, कोळंबी, अंडे, दूध. किंवा मधमाशी, गांधीलमाशी चावल्यावर. किंवा प्रतिजैविकाची, वेदनाशामकाची गोळी-सुई घेतल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत एकदम त्रास सुरू होतो. तळहात-तळपाय खाजतात, गांधी उठतात, ओठ-जीभ-डोळे सुजतात. एवढेच असेल तर लक्ष ठेवायचे. पण त्यासोबत आवाज घोगरा झाला, गिळता येईना, छातीतून शिट्टी वाजू लागली, दम लागला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी, गळाठा, पुन्हा पुन्हा उलट्या, यांतले काहीही असेल तर ते पित्त नव्हे. आणि दहातल्या एक-दोघांच्या कातडीवर काहीच दिसत नाही, थेट श्वास किंवा रक्तदाबच जातो. कितीतरी लोक सांगतात की त्यांना आधी नुसतेच वाटले, आपण आता मरणार. मामूंचे "कुछ तो भी हो रहा" हे भित्रेपणाचे बोलणे नव्हते, ते लक्षण होते.

आपल्या हातात किती वेळ असतो, याचा हिशोब इंग्लंडमध्ये रिचर्ड पम्फ्री यांनी मांडला आहे. १९९२ ते १९९८ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या. खाण्यातून झालेल्या रिॲक्शनमध्ये हृदय किंवा श्वास बंद पडायला साधारण ३० मिनिटे लागली होती, माशीच्या दंशात १५ आणि सुईवाटे दिलेल्या औषधात ५. ॲड्रिनलिन त्यांतल्या ६२ टक्के लोकांना दिले गेले होते, पण हृदय बंद पडण्याच्या आधी फक्त १४ टक्के लोकांना. हे आकडे श्रीमंत देशाचे आहेत. औषध होते, देणारे होते, उशीर झाला.

त्याच पम्फ्रींचा २००३ चा दुसरा लेख माझ्यासाठी वाचायला सगळ्यात अवघड होता. त्यांना मृत्यूंच्या नोंदींत असे दिसले की काही माणसे आडवी होती तोवर जिवंत होती आणि कुणीतरी त्यांना उठवून बसवल्यावर किंवा उभे केल्यावर काही क्षणांत गेली. रक्तवाहिन्या सैल पडल्याने रक्त पायांकडे साचते, आणि माणूस ताठ झाला की हृदयात परत यायला रक्तच उरत नाही. मी ते वाचले आणि अब्बांनी सांगितलेली खुर्ची आठवली. ताठ बसवले, पाणी पाजले, पंखा लावला. प्रेमाने, काळजीनेच केले असणार सगळ्यांनी.

म्हणून रुग्णाला आडवे करायचे आणि पाय वर उचलून ठेवायचे. दम फारच लागत असेल तर पाय पसरून टेकून बसू द्यायचे, पण उभे करायचे नाही, चालवत गाडीपर्यंत न्यायचे नाही. उलटी होत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा बाई गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. तोंडात पाणी, चहा, सरबत काही नाही. १०८ ला फोन लावायचा किंवा जवळच्या दवाखान्यात झोपवूनच न्यायचे, आणि तिथे पोहोचताच कशाने झाले, किती मिनिटांपूर्वी झाले हे पहिल्या वाक्यात सांगायचे.

डॉक्टर जे देईल ते म्हणजे ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीतला अर्धा मिलिलिटर. लहान मुलांना वजनाप्रमाणे. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. खाज थांबवणारी गोळी-सुई आणि स्टेरॉईड यांची जागा त्यानंतर आहे. आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी हीच दोन आधी दिली जातात आणि ॲड्रिनलिन 'फार गंभीर झालं तर' म्हणून मागे ठेवतात. खाज थांबवणारे औषध गांधी बसवते, बंद होत चाललेला गळा उघडत नाही. आणि बरे वाटले म्हणून लगेच घरी निघायचे नाही, कारण काही तासांनी तेच पुन्हा उसळू शकते.

परदेशात हे औषध पेनासारख्या यंत्रात मिळते, माणूस स्वतःच मांडीवर दाबून घेतो. ते यंत्र मुळात अमेरिकी सैन्यासाठी, रासायनिक हल्ल्यावरचा उतारा सैनिकाला कपड्यांवरूनच टोचता यावा म्हणून, शेल्डन कॅप्लन या अभियंत्याने बनवले. ॲड्रिनलिनसाठी त्याला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. पुढे अमेरिकेतच त्याची किंमत इतकी चढली की २०१६ मध्ये तिथल्या संसदेत त्यावर चौकशी बसली. आपल्याकडे ते पेन सहज मिळत नाही. साधी कुपी मात्र स्वस्त आहे, आणि सरकारने लसीकरणाच्या नर्सताईंना तिचा पहिला डोस देण्याची मुभा दिलेली आहे. आमच्या सिस्टरच्या डब्यात तीच होती.

केंद्र बंद झाले त्या दिवशी मी माझी वही परत केली. डबा शेवटपर्यंत उघडावा लागला नाही. ईदला अम्मीकडे गेलो तेव्हा तिला हे सगळे सांगितले, जहाज, कुत्रा, जपानी माणूस. तिने शांतपणे ऐकले. खुर्चीचे मी सांगितले नाही. शेवटी तिने एवढेच विचारले, "उस वक्त मिलती थी क्या ये दवा?"

"हाँ अम्मी. तब भी अस्सी बरस पुरानी थी."

"कित्ते की आती ये शीशी?"

मी किंमत सांगितली. ती उठली आणि शीरखुर्म्याचे पातेले बघायला आत गेली.